तिसरा रकाना

ग्रिम्सबीच्या मेथडिस्ट चर्चच्या वरच्या खोलीत
दर गुरुवारी, संध्याकाळी सहाला.
फळ्यावर दोन उभ्या रेघा, तीन रकाने:
आज, काल,
आणि तिसरा, ज्याला मला अजून नीट नाव देता आलेलं नाही.
होऊन गेलेलं, पण हातावरून न गेलेलं,
असं एकदा सांगून पाहिलं.
रासा म्हणाली, म्हणजे माशांचा वास.

गो, वेंट, गॉन त्यांनी एका घोटात गिळलं.
बस गेली आणि आपण थांब्यावर:
हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.
ब्रिंगचं ब्रॉट, थिंकचं थॉट.
मधली ती मुकी अक्षरं, बख्तियारने विचारलं,
काम करत नाहीत तर पगार कसला घेतात?

आज पाळी न बदलणाऱ्यांची.
कट, कट, कट.
शट, शट, शट.
सोप्पं, म्हणाले सगळे, आणि वह्या मिटायला लागले.

बख्तियारने नाही मिटली. अंगठ्याला पट्टी होती.
हॅडॉकच्या काट्यावरून सुरी घसरली
त्या दिवशी त्याने फॉर्मवर लिहिलं: आय कट माय थम्ब.
सुपरवायझरने वाचलं आणि विचारलं, रोज?

हसणं ओसरल्यावर मी सांगितलं:
ही आला, शी आली, इट आलं,
तरच आजच्या शेपटीला स लागतो.
तेवढाच पुरावा.
'मी' म्हटलं की तोही नाही.

मग हर्ट घेतलं.
माझा एक गुडघा दुखतो: स आहे.
दोन्ही दुखतात: स गळाला.
दुखणं वाढलं आणि अक्षर कमी झालं.
मी गुडघे धरून, तोंड वाकडं करून दाखवलं.
साठीच्या बाईने असं केलं की वर्ग खूश होतो.

तेव्हा हिवेत उठली.
सप्टेंबरपासून रेडिएटरजवळच्या खुर्चीत,
अंगातला कोट कधी काढत नाही,
हजेरीला फक्त मान हलवते.
म्हणाली, माय फीट हर्ट.

शाबास, मी म्हणाले. आता सांग, कुठला रकाना?

प्रश्न चुकीचा नव्हता. पुस्तकात तसाच आहे:
वाक्याला वेळ जोडा. नाऊ. यस्टर्डे.
पुस्तक लिहिणाऱ्याचे पाय
टेबलाखाली आरामात असणार.

तिने फळ्याकडे पाहिलं.
पट्ट्यासमोरचे दहा तास, रबरी बूट, बुटात बर्फाचं पाणी,
हे मला माहीत होतं, ते पहिल्यात गेलं असतं.
दुसऱ्यातलं फारसं माहीत नव्हतं.
ऑक्टोबरमध्ये भिंतीवरच्या नकाशावर तिने
कसालापासून वर वर बोट नेलं होतं,
आणि लिबिया यायच्या आत
इस्त्रीचा चटका बसावा तसं उचलून घेतलं होतं.

टीचर, ती म्हणाली, उद्याचा रकाना कुठे आहे?

मी सांगितलं, जे आहे ते.
इंग्रजीत उद्याला स्वतःचं रूप नाही.
आजचंच घ्यायचं, पुढे विल लावायचं,
चालून जातं.
दुकान किती वाजता बंद होतं ते ऐकावं
तशी तिने मान डोलावली
आणि वहीत लिहून घेतलं.
काय लिहिलं, ते टिग्रिन्यात होतं.

आठ वाजता कीथ किल्ल्या वाजवत आला.
मी फळा पुसला.
तिन्ही हर्ट एका फटक्यात गेले, रेघा राहिल्या.
मागच्या महिन्यात मी त्या चुकून
पक्क्या शाईच्या पेनाने ओढल्यात.
चर्चला अजून सांगितलेलं नाही.

दिवा मालवून जिना उतरले. दोन्ही दुखले.

खाली हिवेत माझ्यासाठी दार धरून उभी,
बाहेर वारा, आणि वळणावर बसचे लाल दिवे.
तुझी बस, मी म्हणाले.
गॉन, ती म्हणाली.

रकाना बरोबर होता.